सुट्या तारांचा मेळ: गिटारची पर्यायी ट्यूनिंग

गिटारची एकही तार न दाबता सहाही तारा छेडल्या की जे सहा सूर मिळतात, त्यांच्या रचनेला ट्यूनिंग म्हणतात. जगभर शिकवले जाणारे प्रचलित ट्यूनिंग सर्वांत जाड म्हणजे सहाव्या तारेपासून सर्वांत बारीक म्हणजे पहिल्या तारेपर्यंत ई-ए-डी-जी-बी-ई असे आहे. सहाव्या तारेची कंपने सेकंदाला सुमारे ८२.४ आणि पहिलीची ३२९.६, दोघींमध्ये बरोबर दोन सप्तकांचे अंतर. यांतली एक किंवा अनेक तारा उतरवून अथवा चढवून लावल्या की पर्यायी ट्यूनिंग तयार होते. हाताला कोणते सूर सहज सापडतील आणि कोणत्या सुरांसाठी बोटे ताणावी लागतील, हे ट्यूनिंगवरच ठरते. प्रत्येक ट्यूनिंग एक सोय देते आणि तिच्या मोबदल्यात दुसरी काढून घेते. पुढे येणारी सगळी उदाहरणे या देवघेवीचीच आहेत.

प्रचलित ट्यूनिंगमागचा हिशेब

प्रचलित ट्यूनिंगमध्ये लगतच्या दोन तारांत पाच अर्धस्वरांचे, म्हणजे षड्ज-मध्यमाचे अंतर असते. अपवाद एकच: तिसरी तार जी आणि दुसरी तार बी यांच्यात चार अर्धस्वर, म्हणजे षड्ज आणि शुद्ध गंधार यांच्याइतके अंतर राहते. म्हणूनच कानाने गिटार लावताना इतर तारा पाचव्या पडद्यावर दाबून पुढची तार जुळवतात आणि तिसरी तेवढी चौथ्या पडद्यावर दाबतात.

ही रचना जुन्या वाद्यांकडून आली. युरोपातील प्रबोधनकाळातील ल्यूटमध्ये षड्ज-मध्यमाच्या अंतरांच्या मधोमध एक षड्ज-गंधाराचे अंतर, म्हणजे तृतीयांतर, असे. सतराव्या शतकातल्या पाच जोडतारांच्या गिटारमध्ये ए-डी-जी-बी-ई हेच स्वर होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात खाली ई स्वराची भर पडली आणि आजची रचना पूर्ण झाली. ते एक अंतर कमी ठेवण्यामागे कारण आहे. सगळीकडे पाचच अर्धस्वर ठेवले तर तारा ई-ए-डी-जी-सी-एफ अशा लागतात. मग सहावी ई आणि पहिली एफ यांच्यात दोन सप्तके आणि वर एक अर्धस्वर असे बेसूर अंतर पडते आणि एका आडव्या बोटाखाली सहाही तारांची कॉर्ड बसत नाही. तृतीयांतरामुळे दोन्ही टोकांना एकच स्वर येतो आणि एकच आकार मानेवर वरखाली सरकवून कोणत्याही पट्टीतली कॉर्ड वाजवता येते.

ई हा षड्ज मानला तर प्रचलित गिटारच्या सुट्या तारा सा, म, कोमल नि, कोमल ग, प, सा अशा बोलतात. त्यातून कोणतीही एक कॉर्ड पूर्ण होत नाही. सर्व पट्ट्यांना सारखी सोयीची अशी ही तडजोड आहे आणि एकाच पट्टीत सुट्या तारांचा भरघोस नाद हवा असेल तर ती अपुरी पडते.

या गरजेची जाण भारतीय संगीताला जुनी आहे. तंबोऱ्याची पहिली तार एरवी पंचमात असते. मालकंसात पंचम वर्ज्य असल्याने ती मध्यमात उतरवतात, मारव्यासाठी निषादात लावतात. राग बदलला की तारेचा सूर बदलतो. युरोपात व्हायोलिनच्या तारा अशा मुद्दाम वेगळ्या लावण्याच्या पद्धतीला स्कोर्दातुरा म्हणतात. सतराव्या शतकातील हाइन्रिख बीबर या संगीतकाराच्या रोझरी सोनाटांमध्ये जवळजवळ प्रत्येक रचनेसाठी व्हायोलिन नव्याने लावावे लागते.

खुली ट्यूनिंग

सुट्या तारांतून एक पूर्ण कॉर्ड वाजेल अशा रचनेला ओपन किंवा खुले ट्यूनिंग म्हणतात. ओपन डीमध्ये तारा डी-ए-डी-एफ शार्प-ए-डी अशा असतात. डी हा षड्ज मानला तर सा-प-सा-ग-प-सा. प्रचलित रचनेतल्या चार तारा उतरवल्या की हे साधते. ओपन जीमध्ये तारा डी-जी-डी-जी-बी-डी लावतात. येथे जी हा षड्ज असल्याने स्वर प-सा-प-सा-ग-प असे येतात आणि फक्त तीन तारा उतरवाव्या लागतात.

या दोन ट्यूनिंगची जुनी अमेरिकन नावे एकोणिसाव्या शतकातल्या घरगुती वादनातून आली. हेन्री वॉरल या गिटारशिक्षकाच्या ‘स्पॅनिश फँडँगो’ आणि ‘सेबास्तोपोल’ या दोन रचना १८६०च्या सुमारास छापल्या गेल्या आणि घरोघरी पोचल्या. पहिलीमुळे ओपन जीला स्पॅनिश हे नाव पडले. दुसरी क्रिमियन युद्धातल्या वेढ्यावरची. तिच्या नावाचा अपभ्रंश होऊन ओपन डीला ब्लूज वादक वेस्टापोल म्हणू लागले.

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय वादकांनी या ट्यूनिंगचा वेगळाच उपयोग केला. बाटलीच्या मानेचा तुकडा किंवा सुरीचे पाते तारांवर घासत नेले की सूर मींड घेतल्यासारखा सरकतो. पण ही काच किंवा धातू सरळ असते; तिला बोटांसारखे वेगवेगळ्या पडद्यांवर वाकता येत नाही. सुट्या तारांतच कॉर्ड असेल तर मात्र सरळ पट्टी कोठेही ठेवली तरी कॉर्ड मिळते: पाचव्या पडद्यावर मध्यमाची, सातव्यावर पंचमाची. ब्लूजच्या बारा मात्राखंडांच्या चौकटीला सुट्या तारांची आणि या दोन अशा तीन कॉर्ड पुरतात.

याची किंमतही लगेच द्यावी लागते. ओपन डीमध्ये आडवे बोट कोठेही ठेवले तरी मेजर कॉर्डच मिळते. मायनर हवी असेल तर बोटांना कसरत करावी लागते. मिसिसिपीतील बेंटोनिया गावच्या स्किप जेम्सने यावर उलट बाजूने तोड काढली. १९३१ साली विस्कॉन्सिनमधील ग्राफ्टन येथे ध्वनिमुद्रित झालेल्या त्याच्या गाण्यांत मायनर कॉर्डवर बेतलेले ट्यूनिंग ऐकू येते. या ट्यूनिंगचा साचा डी-ए-डी-एफ-ए-डी असा आहे. त्यात तिसरी तार पहिल्या पडद्यावर एका बोटाने दाबली की मेजर कॉर्ड होते आणि बोट उचलले की मायनर. त्याच्या वादनातली ती अस्थिर, उदास छटा बरीचशी या रचनेतून येते.

रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने १९६०च्या दशकाच्या अखेरीस ओपन जी स्वीकारले आणि सहावी तार काढूनच टाकली. उरलेल्या पाच तारा जी-डी-जी-बी-डी अशा राहिल्याने मूळ स्वर तळाशी आला. ‘हाँकी टाँक विमेन’, ‘ब्राउन शुगर’ आणि ‘स्टार्ट मी अप’ या गाण्यांची ओळखीची सुरावट या पाच तारांवरची आहे. एक बोट आडवे धरून इतर दोन बोटे उचलत-टेकवत राहण्याच्या या हालचाली प्रचलित ट्यूनिंगमध्ये तशाच जमत नाहीत.

हवाईची ढिली तार आणि तिचा भारतापर्यंतचा प्रवास

हवाई बेटांवर १८३०च्या दशकात गुरांचे कळप आवरण्यासाठी मेक्सिकन गुराखी आणले गेले आणि त्यांच्याबरोबर गिटार आली, असे तिथला संगीतेतिहास सांगतो. हवाईच्या लोकांनी तिच्या तारा आपल्या गायनाला सोयीच्या अशा ढिल्या केल्या. या शैलीला इंग्रजीत स्लॅक-की म्हणतात. अंगठा खालच्या तारांवर एकसारखा खर्ज धरतो आणि बोटे वरच्या तारांवर धून वाजवतात. खर्जाच्या तारा सुट्याच राहत असल्याने डावा हात धुनेसाठी मोकळा होतो.

‘टॅरो पॅच’ नावाचे सर्वाधिक वापरले जाणारे ट्यूनिंग म्हणजे ओपन जीच. त्यातली तिसरी तार अर्धस्वर उतरवून डी-जी-डी-एफ शार्प-बी-डी केली की ‘वाहिनी’ या हवाइयन नावाच्या गटातले एक ट्यूनिंग होते. सुटी तार शुद्ध निषाद बोलते आणि पहिल्या पडद्यावर बोट आपटताच ती षड्जावर येते. हा छोटा अलंकार या शैलीची खूण आहे. अनेक घराण्यांनी आपली ट्यूनिंग गुप्त ठेवली आणि मुलानातवंडांपलीकडे जाऊ दिली नाहीत. १९४०च्या दशकात गॅबी पाहिनुईच्या ध्वनिमुद्रणांनी ही शैली घराबाहेर आणली.

गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवर पोलादी कांडी फिरवण्याची पद्धतही हवाईचीच. तिचे श्रेय सहसा जोसेफ केकुकू या वादकाला दिले जाते. हवाईचा वादक ताउ मो आपल्या कुटुंबासह १९४०च्या दशकात कोलकात्यात राहिला आणि भारतात हवाइयन गिटारचा प्रसार झाला. मींड, गमक आणि श्रुती यांना पडद्यांचा अडथळा नको असतो. पोलादी कांडीने तो दूर केला. जोधपूरचे ब्रिजभूषण काबरा हे अली अकबर खाँ यांचे शिष्य. त्यांनी या गिटारवर रागसंगीत उभे केले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह त्यांनी केलेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही १९६७ सालची ध्वनिमुद्रिका महाराष्ट्रातल्या रसिकांच्याही परिचयाची आहे. विश्वमोहन भट्ट यांनी गिटारला चिकारीच्या आणि तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा घडवली. अमेरिकन गिटारवादक राय कूडरबरोबरच्या त्यांच्या ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ला १९९४ साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला. तरफेच्या तारा रागाप्रमाणे लावल्या जात असल्याने पर्यायी ट्यूनिंगची कल्पना येथे वाद्याच्या बांधणीतच उतरली.

डॅडगॅड

डी-ए-डी-जी-ए-डी या ट्यूनिंगची अक्षरे सलग वाचून त्याला डॅडगॅड म्हणतात. प्रचलित रचनेतली सहावी, दुसरी आणि पहिली अशा तीन तारा एकेक पूर्ण स्वर उतरवल्या की ते तयार होते. स्वर येतात सा-प-सा-म-प-सा. यात गंधारच नाही. गंधार शुद्ध की कोमल यावर मेजर-मायनर ठरते. तोच नसल्याने हे ट्यूनिंग दोन्हींपासून अलिप्त राहते आणि कोणता गंधार घ्यायचा हे वादकावर सोडते.

ब्रिटिश वादक डेव्ही ग्रॅहमने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मोरोक्कोत ऊद वाजवणाऱ्यांची साथ करता यावी म्हणून ही रचना वापरायला घेतली. अरबी संगीत एका आधारस्वराभोवती फिरते आणि प्रचलित गिटारच्या कॉर्ड त्यात लुडबुड करतात. याच कारणाने आयरिश लोकसंगीताच्या साथीलाही हे ट्यूनिंग जुळले; तेथे मिहॉल ओ डोनेलने ते रुळवले. अल्जीरियात जन्मलेला फ्रेंच वादक पिएर बेन्सुसान याने तर पुढे आपले जवळजवळ सगळे वादन याच एका ट्यूनिंगमध्ये केले. लेड झेपेलिनच्या १९७५ सालच्या ‘काश्मीर’ या गाण्यात जिमी पेजची गिटार डॅडगॅडमध्ये आहे.

गीतकारांची खासगी ट्यूनिंग

कॅनडात जन्मलेल्या जोनी मिचेलला नवव्या वर्षी पोलिओ झाला आणि तिचा डावा हात कमजोर राहिला. कॉर्डचे अवघड आकार धरण्यापेक्षा तिने तारांनाच हवे ते स्वर दिले, मग दोन-तीन बोटांतही गुंतागुंतीच्या कॉर्ड निघू लागल्या. पुढे तिने पन्नासांहून अधिक ट्यूनिंग वापरली. एवढी लक्षात ठेवण्यासाठी एक सुटसुटीत लेखन वापरले गेले. आधी सहाव्या तारेचा स्वर लिहायचा आणि पुढे पाच आकडे. प्रत्येक आकडा सांगतो, की आधीची तार कितव्या पडद्यावर दाबली म्हणजे पुढच्या सुट्या तारेचा सूर मिळेल. या पद्धतीत प्रचलित ट्यूनिंग ई-५५५४५, ओपन डी डी-७५४३५, ओपन जी डी-५७५४३ आणि डॅडगॅड डी-७५५२५ असे लिहिले जाते. मैफलीत गाण्यागणिक गिटार नव्याने लावण्याची कटकट मात्र राहिलीच. १९९०च्या दशकाच्या मध्यात तिने तारांचे सूर विद्युत यंत्रणेने बदलणारे उपकरण वापरायला घेतले, तेव्हा ती बरीच कमी झाली.

इंग्लंडच्या निक ड्रेकचीही ट्यूनिंग अशीच स्वतःची होती. ‘पिंक मून’ या १९७२ सालच्या संग्रहाचे शीर्षकगीत सी-जी-सी-एफ-सी-ई या रचनेत आहे. १९७४ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी तो वारला. त्याच्या प्रौढपणीच्या वादनाचे चलच्चित्रण उपलब्ध नसल्याने अभ्यासकांना त्याच्या तारा प्रामुख्याने कानाने ओळखाव्या लागल्या. मायकेल हेजेसच्या १९८४ सालच्या ‘एरियल बाउंडरीज’मध्ये तारा सी-सी-डी-जी-ए-डी आहेत, खालच्या दोन सी एकमेकींपासून सप्तकभर दूर. दोन्ही हातांनी मानेवर आपटत वाजवण्याच्या त्याच्या शैलीत सुट्या तारा सतत झंकारत राहतात.

अभिजात गिटारमध्येही ही वाट आहे. तुर्कस्तानच्या संगीताचा संस्कार असलेली, कार्लो दोमेनिकोनी या इटालियन संगीतकाराची ‘कोयुनबाबा’ ही रचना सी शार्प मायनरच्या खुल्या ट्यूनिंगमध्ये वाजते.

नियमित रचना आणि टोकाचे प्रयोग

काही वादकांना नाद वाढवण्यापेक्षा मानेचा भूगोल सोपा करायचा होता. सर्व लगतच्या तारांत एकच अंतर ठेवले की एका ठिकाणी शिकलेला आकार सगळीकडे तसाच चालतो. स्टॅन्ली जॉर्डनने सगळीकडे पाच अर्धस्वर ठेवून ई-ए-डी-जी-सी-एफ ही रचना घेतली. जाझवादक राल्फ पॅटने १९६०च्या दशकात सगळीकडे चार अर्धस्वर ठेवले. चारच्या अंतरात तीन तारांनी सप्तक पूर्ण होते, त्यामुळे प्रत्येक चौथी तार त्याच स्वराची येते. उलट सहा तारांचा एकूण आवाका आखडतो.

किंग क्रिमसनच्या रॉबर्ट फ्रिपला १९८३ साली सुचलेले सी-जी-डी-ए-ई-जी हे ट्यूनिंग चेलोप्रमाणे पंचमांतराच्या पायऱ्यांनी चढते. हिशेबाने पहिली तार बी यायला हवी, पण सुमारे ६५ सेंटिमीटर लांबीची पोलादी तार तेवढी चढवली की तुटते. बारीक तार घेऊनही हा प्रश्न सुटत नाही. बारीक तारेला ताण कमी लागतो हे खरे, पण तिची ताकदही त्याच प्रमाणात कमी असते. ठरावीक लांबीची तार किती चढेल हे तिच्या धातूवर अवलंबून असते, जाडीवर नाही. म्हणून फ्रिप जी स्वरावर थांबला.

न्यू यॉर्कमध्ये याच्या उलट टोकाचे प्रयोग झाले. लू रीडने १९६४ सालच्या ‘द ऑस्ट्रिच’ या गाण्यासाठी सगळ्या तारा एकाच स्वरात, वेगवेगळ्या सप्तकांत लावल्या. १९८१ साली सुरू झालेल्या सॉनिक यूथ या बँडने स्वस्तातल्या गिटार घेऊन प्रत्येकीला कायमचे एक ट्यूनिंग दिले. काहींत चार-चार तारा एकाच स्वराच्या होत्या. जुळ्या तारांत किंचित फरक राहिला की आवाजात हेलकावे येतात, आणि त्यांना तेच हवे होते. १९९९ साली कॅलिफोर्नियात त्यांच्या वाद्यांनी भरलेला ट्रक चोरीला गेला, तेव्हा त्या-त्या गिटारवर बेतलेली गाणी वाजवणेच अवघड होऊन बसले.

हेवी मेटलमध्ये ट्यूनिंग खाली सरकले. बर्मिंगहॅमच्या कारखान्यातील अपघातात ब्लॅक सबाथच्या टोनी आयोमीने उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गमावली होती. डावखुरा असल्याने तारा दाबण्याचा हात तोच. १९७१ सालच्या ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’मधल्या अनेक गाण्यांत त्याने तारा तीन अर्धस्वर उतरवल्या. तारा मऊ झाल्या आणि आवाजाला वजन आले. फक्त सहावी तार डीपर्यंत उतरवण्याची ड्रॉप डी ही रीत अभिजात वादकांत जुनीच होती. तिच्यामुळे खालच्या तीन तारा डी-ए-डी होतात आणि एका बोटाने षड्ज-पंचमाची दणकट जोडी वाजते, म्हणून रॉकवादकांनीही ती उचलली.

ताण आणि श्रुती

तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. सहावी तार ईवरून डीवर आणली की कंपने ८२.४वरून ७३.४वर येतात, म्हणजे सुमारे ११ टक्के घटतात. ताण मात्र सुमारे २० टक्के घटतो. तीन अर्धस्वर उतरवल्यास ताण सुमारे २९ टक्के कमी होतो. फार ढिली तार पडद्यांवर खरखरते आणि जोरात छेडली की क्षणभर सूर चढवते. त्यावर उपाय म्हणजे जाड तार. एक पूर्ण स्वर चढवल्यास ताण सुमारे २६ टक्के वाढतो. ओपन ईसाठी तीन तारा चढवाव्या लागतात, म्हणून पुष्कळ वादक ओपन डी लावून दुसऱ्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, चढवतात.

श्रुतीचा मुद्दा यापेक्षा सूक्ष्म आहे. गिटारचे पडदे समान अर्धस्वरांचे असतात. ओपन डीमध्ये चौथी तार डी १४६.८ असताना तिसरीचा एफ शार्प विद्युत ट्यूनरप्रमाणे १८५.० येतो, तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार ५:४ या प्रमाणात १८३.५वर असतो. या फरकामुळे दोन तारांच्या उपस्वरांत सेकंदाला सुमारे सहा हेलकावे ऐकू येतात. तिसरी तार थोडी उतरवली की ते थांबतात आणि सुटी कॉर्ड स्वच्छ बोलते. काचेने किंवा आडव्या बोटाने वाजवताना हा फायदा सगळीकडे टिकतो. पण तीच तार गंधाराऐवजी दुसऱ्या एखाद्या स्वरासाठी दाबली की तो स्वर उतरलेला लागतो.

गिटार नव्याने लावताना

सुरुवातीला तारा उतरवणारी ट्यूनिंग बरी. ड्रॉप डी, मग डॅडगॅड, मग ओपन जी हा क्रम सोपा जातो. तार हव्या त्या सुराच्या थोडी खाली नेऊन मग वर चढवत जुळवावी, म्हणजे खुंटीतला ढिलेपणा निघून जातो. एका तारेचा ताण बदलला की मान किंचित हलते आणि इतर तारांचे सूरही सरकतात, म्हणून सहाही तारा दोन-तीनदा तपासाव्या लागतात. रचना कायमची बदलायची असेल तर तारांची जाडी, मानेचा बाक आणि पडद्यांपासूनची तारांची उंची कारागिराकडून जुळवून घेतात.

पाठ केलेले कॉर्डचे आकार नव्या रचनेत निरुपयोगी ठरतात. आधी सुट्या तारांचे स्वर सरगमीत ओळखावेत. मग एकाच तारेवर सप्तक वाजवावे आणि शेवटी दोन तारांच्या जोड्या शोधाव्यात. या संगीताच्या लेखनासाठी तारा आणि पडदे दाखवणारी टॅब्लेचर पद्धत वापरतात. स्वरलिपी फक्त सूर सांगते, तर टॅब्लेचर बोट कुठे ठेवायचे ते सांगते. त्यात पडद्याचा आकडा तोच राहून ट्यूनिंगप्रमाणे सूर बदलतो, म्हणून अशा प्रत्येक पानाच्या माथ्यावर सहा तारांचे स्वर आधी नोंदवलेले असतात.